कांतार, सागर आणि विमा

माणूस प्रवासास निघाला कीं त्याच्या पाठोपाठ भयही निघतें. वाट चुकेल, चोर भेटतील, बैल बसेल, गलबत बुडेल, परमुलखांत दुखणें येईल, अशा शंका घरच्या उंबरठ्यापासूनच सोबतीला असतात. विमा या शब्दाच्या पोटांत हेंच भय आहे. हा शब्द मराठींत फारसींतून आला, आणि फारसींत 'बीम' म्हणजे भीति. जें भय एकट्याच्यानें पेलवत नाहीं, तें ठराविक मोबदला देऊन दुसऱ्याच्या अंगावर घालावयाचें, हाच या व्यवहाराचा अर्थ.

अलीकडे सुखवस्तु मराठी कुटुंबांत एक नवा प्रवास रूढ होत आहे. त्यास क्रूझ म्हणतात. मुक्कामाला पोंचण्यासाठीं जहाजांत बसावयाचें नाहीं, तर जहाजांतच राहावयाचें. चार बंदरें पाहावयाचीं आणि परत यावयाचें. जन्मभर काटकसर केलेलें एकादें दांपत्य निवृत्तीनंतर कांहीं लाख रुपये यासाठीं बाजूस काढतें. तिकिटाबरोबर विम्याच्या दोनतीन योजनांचीं पत्रकें हातीं येतात. एकीचा हप्ता थोडा, दुसरीचा अधिक. एकीवर दवाखान्याच्या खर्चाचा आंकडा डोळे दिपविणारा, तर दुसरीवर अटींची लांबलचक यादी. बहुधा निवड होते ती हप्त्याच्या आंकड्यावरून. ही निवड आजचीच आहे असें वाटतें. पण ती फार जुनी आहे, आणि समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या यवतमाळ जिल्ह्याच्या कापसाकडे पाहिलें तरी ती नीट समजते.

आधीं धर्मशास्त्राकडे वळावें. याज्ञवल्क्यस्मृतींत कर्जाच्या व्याजाचे दर सांगितले आहेत. तारण ठेवून घेतलेल्या कर्जास दरमहा ऐंशीवा भाग, म्हणजे शेंकडा सव्वा, हें व्याज. परंतु ऋणको कांतारांतून, म्हणजे घोर अरण्यांतून, जाणारा असेल तर दर शेंकडा १०, आणि समुद्रावर जाणारा असेल तर शेंकडा २०. सव्वाचे दहा आणि दहाचे वीस कां झाले, हें उघड आहे. ऋणको परत आला नाहीं तर धनकोचें मुद्दलच बुडावयाचें. तेव्हां व्याजाचा हा वाढीव भाग पैशाचें भाडें नव्हे, तें भयाचें मूल्य होय. आज ज्याला विम्याचा हप्ता म्हणतात, तो येथें व्याजाच्या पोटीं दडलेला आहे. समुद्रप्रवासांत कुशल असलेल्या आणि देश, काळ व लाभ जाणणाऱ्या माणसांनीं ठरविलेलें व्याज प्रमाण मानावें, असें मनुस्मृतींतही आहे. भयाचें मोल जाणकारानेंच करावें, हें तत्त्व त्या काळींही ठाऊक होतें.

यवतमाळ जिल्हा हा या अर्थानें कांतारच होता. १९०५ पर्यंत वणीच्या नांवानें तो ओळखला जाई. एका बाजूस वर्धा, दुसऱ्या बाजूस पैनगंगा, मधें सागवानाचें जंगल आणि घाटांच्या वाटा. आणि सपाटीवर जेथें काळी जमीन आहे तेथें कापूस. आगगाडी येण्यापूर्वीं वऱ्हाडचा पुष्कळसा कापूस वंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर लादून, गंगाकांठच्या मिर्झापूरास जात असे. ही मजल सुमारें ५०० मैलांची. तेथून तो नावेनें कलकत्त्यास आणि मग समुद्रापार. वाटेंत वळवाचा पाऊस गांठी तेव्हां गोणी भिजून जड होई, बैल वाटेंतच बसत, आणि पेठेंत पोंचणारा माल मळून काळवंडलेला असे. चोरांचें आणि पेंढाऱ्यांचें भय होतें तें निराळेंच.

अशा लांब वाटेवरच्या मालासाठीं देशांत तीन मार्ग प्रचारांत होते. पहिला मार्ग स्वतःच भय पत्करण्याचा. पदरचे बैल, पदरचे शिपाई. माल पोंचला तर नफा सारा आपला, लुटला गेला तर तोटाही सारा आपला. दुसरा मार्ग हुंडेकऱ्याचा. हुंडेकरी हा नुसता भाडोत्री नव्हे. अमुक माल अमुक पेठेस पोंचता करण्याची रक्कम तो एकदांच ठरवी, आणि वाटेंतील जकाती व नाकीं त्यानेंच भागवावयाचीं. अशा भाड्यास हुंडाभाडें म्हणत. तिसरा मार्ग विमेवाल्या सावकाराचा. माल कोणीही नेवो. तो वाटेंत गेला तर किंमत भरून देण्याची हमी सावकार घेई आणि त्याबद्दल शेंकडेवारीनें मोबदला घेई. जॉन माल्कम यानें माळव्याचा वृत्तांत १८२३ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत हा धंदा तेथील सावकारांत चांगला रुळलेला दिसतो.

किनाऱ्यावर याहूनही चतुर अशी एक रीति होती, ती जोखमी हुंडीची. गलबतांत माल भरणारा व्यापारी मालाच्या किंमतीची हुंडी लिही आणि ती दुसऱ्यास विकून रोख पैसे घेई. गलबत सुखरूप पोंचलें तर परगांवच्या अडत्यानें हुंडीचे पैसे द्यावयाचे. गलबत बुडालें तर हुंडीही बुडाली; विकत घेणाऱ्याचे पैसे गेले, माल पाठविणाऱ्याकडे कोणी मागावयाचें नाहीं. कर्ज, हुंडणावळ आणि विमा हीं तिन्ही एका कागदांत बसविलेलीं होतीं.

आतां यांत स्वस्त कोणता आणि महाग कोणता? आंकड्यावरून याचें उत्तर मिळत नसे. हुंडाभाडें वरून महाग दिसे. पण वाटेंतील प्रत्येक नाक्यावरचा अनपेक्षित खर्च त्यांत आलेला असे. जोखमी हुंडी सोपी दिसे. पण ती पाण्यावरच्या जोखमीपुरती. बंदरावर येण्यापूर्वींच गाडी लुटली गेली तर त्या हुंडीचा कांहीं उपयोग नसे. म्हणून शहाणा व्यापारी पहिला प्रश्न 'किती द्यावयाचें' हा विचारीत नसे. 'इतकें देऊनही माझ्याकडे कोणतें भय उरलें' हा विचारी. सर्व योजनांची तुलना या एका प्रश्नांत येते.

१८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेला. १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपूरास पोंचली. मधल्या काळांत, १८६१ ते १८६५ पर्यंत, अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें. तिकडचा कापूस बंद झाल्यामुळें लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर इकडे वळली होती. मिर्झापूरची वाट ओसाड पडली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गोदींतून जहाजावर चढूं लागला. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापूरपासून कारंजा व दारव्हा यांवरून यवतमाळपर्यंत अरुंद मार्गाची आगगाडी आली. तीच पुढें 'शकुंतला' या लाडक्या नांवानें ओळखली गेली. तिचें मुख्य काम माणसें नेणें हें नव्हतें; कापूस नेणें हें होतें.

या मार्गानें यवतमाळच्या कापसाचा संबंध लंडनच्या विम्याशीं जडला. एडवर्ड लॉइड याच्या कॉफीगृहांत सतराव्या शतकाच्या अखेरीस जहाजमालक आणि विमेवाले जमत. त्यांच्या व्यवहारांतून निघालेल्या विमापत्राचा नमुना १७७९ सालीं ठरला आणि जवळजवळ दोनशें वर्षें चालला. समुद्राचें तुफान, आग, शत्रु, चांचे, चोर, जहाज हलकें करण्यासाठीं माल पाण्यांत फेंकणें, अशीं भयें त्यांत नांवानिशीं मोजलेलीं होतीं. जें नांवानें मोजलेलें त्याची भरपाई. जें मोजलेलें नाहीं तें ज्याचें त्यानें सोसावें.

या सागरी विम्याच्या कायद्यांत तीन तत्त्वें अशीं आहेत कीं आजच्या प्रवाशासही तीं तंतोतंत लागू पडतात. पहिलें तत्त्व पूर्ण सचोटीचें. १७६६ सालीं इंग्लंडचा न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यानें निकाल दिला कीं, विमा उतरविणारास जें ठाऊक आहे आणि विमेवाल्यास ठाऊक नाहीं, तें लपविलें तर करार टिकत नाहीं. दुसरें तत्त्व स्वभावदोषाचें. गांसडी समुद्राच्या पाण्यानें भिजली तर विमेवाला भरून देईल. पण कापूस मुळांतच ओला बांधला आणि आंतल्या आंत तापून कुजला, तर तो मालाचा अंगचा दोष, समुद्राचा अपराध नव्हे. तिसरें तत्त्व मार्गाचें. ठरलेला जलमार्ग सबळ कारणावांचून सोडून जहाज दुसरीकडे वळलें तर तेथपासून विमेवाल्याची जबाबदारी संपली. इंग्लंडच्या १९०६ च्या आणि भारताच्या १९६३ च्या सागरी विमा कायद्यांत हीं तत्त्वें आलेलीं आहेत.

या साऱ्या व्यवस्थेंत एक मनुष्य मात्र बाहेर राहिला. कापूस गांसडींत बांधला जाऊन व्यापाऱ्याचा झाला कीं त्यास विम्याचें छत्र मिळे. तोच कापूस शेतांत उभा असतां पावसानें दगा दिला किंवा बोंडें किडलीं, तर तें भय सगळें पिकविणाऱ्याकडे. देशव्यापी पीकविमा १९८५ सालीं सुरू झाला, तरी त्यांत कापूस नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय कृषि विमा योजनेंत त्याला जागा मिळाली. लिव्हरपूलास जाणाऱ्या गांसडीस जें संरक्षण होतें, तें यवतमाळच्या शेतांतल्या बोंडास मिळण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. विमा भयाचा नाश करीत नाहीं, तो तें फक्त हलवितो. आणि ज्याच्या हातांत कागद नाहीं त्याच्याकडे तें उरतें, हें या जिल्ह्यानें जितकें पाहिलें तितकें थोड्यांनीं पाहिलें असेल.

मालाचा विमा आधीं आला, माणसाचा मागाहून. १८४९ सालीं इंग्लंडांत रेल्वे प्रवाशांसाठीं विमा विकणारी कंपनी काम करूं लागली. तिकीट घेतांना पहिल्या वर्गाच्या उतारूनें ३ पेन्स अधिक दिले तर १००० पौंडांचा, दुसऱ्या वर्गाच्या उतारूनें २ पेन्स दिले तर ५०० पौंडांचा, आणि तिसऱ्या वर्गाच्या उतारूनें १ पेनी दिली तर २०० पौंडांचा विमा उतरे. भारतीय रेल्वेनें याच जातीची सोय २०१६ सालीं आणली. संगणकावर तिकीट काढणारास ९२ पैशांत १० लाख रुपयांपर्यंतचा अपघात-विमा तेव्हां मिळूं लागला. परंतु हा विमा अपघातापुरता. प्रवासच घडला नाहीं, भाडें बुडालें, परदेशांत आजारीपण आलें, याचा विचार त्यांत मुख्यतः नाहीं. समुद्राचें भय मराठी माणसास नवें नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि ६०० हून अधिक माणसें गेलीं. आजचें पर्यटन-जहाज त्या बोटीहून कितीतरी पटींनीं मोठें आणि सुरक्षित आहे. म्हणूनच त्यावरचें खरें भय बुडण्याचें नाहीं. तें लहान लहान पण खर्चिक अशा भयांचें आहे.

यवतमाळचें एकादें दांपत्य सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाचें तिकीट काढतें असें समजावें. त्यांचा प्रवास बंदरावर सुरू होत नाहीं. तो घराच्या दारापासून नागपूरापर्यंतच्या सुमारें १५० किलोमीटरांच्या रस्त्यावर, मग एकदोन विमानांत, आणि त्यानंतर जहाजावर होतो. विमान चुकलें तर जहाज थांबत नाहीं. जहाज कंपनीनें स्वतः विकलेली योजना पुष्कळदां कंपनीच्या भाड्यापुरती आणि जहाजावरच्या मुक्कामापुरती असते. ती जोखमी हुंडीसारखी पाण्यापुरती झाली. ज्या योजनेंत घर सोडल्यापासून घरीं येईपर्यंतचा प्रवास आणि जहाज चुकल्याचा खर्च आला आहे, ती हुंडाभाड्यासारखी. तेव्हां पहिली तुलना विमा कोठें सुरू होतो आणि कोठें संपतो याची. याचीच एक दुसरी बाजूही आहे. जहाज मुंबईहून गोव्यास किंवा लक्षद्वीपास जाणारें असेल तर परदेश-प्रवासाचा विमा तेथें लागू होत नाहीं. आणि जहाज परदेशांत असेल तर घरचा आरोग्य-विमा बहुधा तेथें चालत नाहीं.

दुसरी तुलना स्वभावदोषाची. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार हे साठीच्या पुढच्या माणसाच्या बाबतींत गांसडींतल्या ओलाव्यासारखे मानले जातात. कांहीं योजना जुन्या दुखण्याचा खर्च मुळींच देत नाहींत, कांहीं जीवावर बेतल्यासच देतात, कांहीं अधिक हप्ता घेऊन देतात. दवाखान्याच्या रकमेचा आंकडा केवढाही असला तरी ही ओळ वाचल्यावांचून त्याला अर्थ नाहीं. आणि येथेंच लॉर्ड मॅन्सफील्डचा निकाल आठवावा. अर्ज भरतांना हप्ता वाढेल या भीतीनें दुखणें लपविलें, तर हप्ताही जातो आणि दावाही जातो.

तिसरी तुलना दवाखान्याच्या खर्चाची. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची सेवा फुकट नसते. आकार उतारूच्या खात्यावर पडतो आणि विम्याकडून तो मागाहून मागावा लागतो. आजार मोठा असेल तर रोग्यास किनाऱ्यावर हलवावें लागतें, आणि हा खर्च औषधाहून फार मोठा होऊं शकतो. म्हणून रोग्यास हलविण्याची मर्यादा स्वतंत्र आहे कीं दवाखान्याच्या रकमेंतच धरली आहे, आणि प्रत्येक दाव्यांत पहिली किती रक्कम उतारूनेंच सोसावयाची, हें पाहणें अगत्याचें.

चौथी तुलना मुद्दलाची. दोघांच्या प्रवासाचा खर्च ६ लाख रुपये आहे असें समजावें. एका योजनेचा हप्ता ५ हजार. तींत दवाखान्याची मर्यादा मोठी, पण प्रवास रद्द झाला तर कांहीं नाहीं. दुसरीचा हप्ता १२ हजार. तींत दवाखान्याची मर्यादा कमी, पण रद्द झालेल्या प्रवासाबद्दल २ लाखांपर्यंत भरपाई. निघण्यास दहा दिवस असतां पत्नीचा पाय घसरून हाड मोडलें. निघण्याचा दिवस जसजसा जवळ येतो तसतसें जहाज कंपनी भाडें कमी परत करते, आणि शेवटच्या दिवसांत बहुधा कांहींच करीत नाहीं. पहिल्या योजनेंत तोटा ६ लाखांचा, दुसरींत ४ लाखांचा. ७ हजार वांचविले त्यांत २ लाख गेले. परंतु १२ हजार देणारानेंही आपण पूर्ण सुरक्षित आहों असें मानलें असेल तर तोही चुकलाच. त्याच्याकडे ४ लाखांचें भय उरलेंच होतें. परत न मिळणारी रक्कम जेवढी, तेवढा रद्द होण्याचा विमा असला पाहिजे. त्याहून कमी असेल तर कमी किती, हें घर सोडण्यापूर्वीं ठाऊक असावें.

पांचवी तुलना मार्गाची आणि कारणांची. वादळामुळें जहाजानें एकादें बंदर टाळलें तर त्याची भरपाई आहे काय? प्रवास रद्द करण्याचीं कारणें लॉइडच्या जुन्या विमापत्राप्रमाणें मोजून दिलेलीं असतात. मृत्यु, अपघात, गंभीर आजार हीं बहुधा असतात. मन बदललें किंवा भीति वाटली, हीं नसतात. २०२० च्या फेब्रुवारींत जपानमधील योकोहामा बंदरांत 'डायमंड प्रिन्सेस' हें जहाज साथीमुळें अडकून पडलें. त्यावर ३,७११ माणसें होतीं, त्यांत १३८ भारतीय; ७१२ जणांना रोगाची लागण झाली. खोलीच्या बाहेर पडण्यासही बंदी झालेल्या त्या उतारूंना एक गोष्ट कळून चुकली असेल कीं, सक्तीच्या एकांतवासाचा खर्च कोणी सोसावयाचा, हें विमापत्रांत लिहिलेलें असावें लागतें. साथ जगजाहीर झाल्यावर उतरविलेल्या विम्यास तिचें कारण पुष्कळदां चालत नाहीं. पेटलेल्या घराचा विमा कोणी उतरवीत नाहीं.

या पांच तुलना झाल्यावर हप्त्याचा आंकडा पाहावा, आधीं नव्हे. भारतांत नवें विमापत्र नीट वाचून पाहण्यासाठीं मुदत देण्याची पद्धति बऱ्याच विम्यांत आहे, पण थोड्या दिवसांच्या प्रवासाच्या विम्यांत ती मिळेलच असें नाहीं. म्हणून पैसे भरण्यापूर्वींच पूर्ण विमापत्र मागून घ्यावें. पत्रक हें विमापत्र नव्हे. घरांत जो कोणी बारीक अक्षर वाचूं शकतो, त्याच्याकडून तें मोठ्यानें वाचून घ्यावें, आणि ज्या ओळींत 'देणार नाहीं' असें असेल तिच्याखालीं रेघ ओढावी.

कांतारांतून जाणाऱ्यास शेंकडा १० आणि सागरावर जाणाऱ्यास शेंकडा २० असें लिहिणाऱ्या स्मृतिकारास दोन प्रवासांचीं भयें सारखीं नाहींत हें ठाऊक होतें. मिर्झापूरास बैल हांकणाऱ्या वंजाऱ्यास तें ठाऊक होतें. शेतांतल्या बोंडाकडे पाहत आभाळाची वाट पाहणाऱ्या यवतमाळच्या कुणब्यास तर तें फारच ठाऊक आहे. त्याला निवडीला दुसरी योजनाच फार काळ नव्हती. ज्याला ती आहे, त्यानें निदान डोळे उघडे ठेवून निवडावी. दोन पत्रकें समोर ठेवून 'कमी कोणतें' असें विचारण्यापेक्षां, 'इतकें देऊनही माझ्याकडे काय उरलें' असें विचारावें. आणि जें उरलें तें आपल्याच्यानें पेलवेल असें वाटलें, तर खुशाल जहाजावर चढावें.